मे महिन्यात न्यांगा राष्ट्रीय उद्यान: चार दिवस कसे आखावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचे एक कुटुंब मे महिन्याच्या सुट्टीत झिम्बाब्वेला जात आहे. सोबत पासष्टी ओलांडलेले आईवडील आणि दोन शाळकरी मुले आहेत. व्हिक्टोरिया धबधबा आणि ह्वांगे येथील वन्यप्राणी पाहून झाल्यावर देशाच्या पूर्व सीमेवरील न्यांगा राष्ट्रीय उद्यानात चार दिवस राहावे, असा त्यांचा विचार आहे. तेथे प्राणी कितपत दिसतील, तेथील थंडी आईवडिलांना सोसेल का, आणि न्यांगानी हा झिम्बाब्वेतील सर्वांत उंच पर्वत मुलांना घेऊन चढता येईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे. या डोंगराळ भागात मी अनेक वर्षे मराठी प्रवाशांचे गट नेत आलो आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची आखणी त्यावरच अवलंबून आहे. न्यांगाला प्राणी पाहण्यासाठी जाऊ नये. कुडू, वॉटरबक, रीडबक, इलंड यांसारखी हरणे येथे आहेत, दाट झाडीत सामांगो माकडे दिसतात आणि बिबट्याचा वावरही आहे. परंतु ह्वांगेत पाणवठ्याजवळ तासभर थांबले की जे दिसते, त्याच्या पासंगालाही पुरेल असे येथे काही दिसणार नाही. हत्ती आणि सिंह येथे सहसा नसतात, आणि म्हणूनच येथे पायी हिंडता येते. ह्वांगेत चार दिवस गाडीत बसून काढलेल्या मुलांना ओढ्यात पाय सोडून बसता येणे, गवतातून धावता येणे, आजी-आजोबांना धरणाच्या काठाने सकाळी फेरी मारता येणे, हे या उद्यानाचे खरे देणे आहे. ते हवे असेल तर चार दिवस मुळीच जास्त नाहीत.

मात्र न्यांगाचा दिवस कसा जाईल हे घड्याळ ठरवत नाही, हवामान ठरवते. हे उद्यान मोझांबिकच्या सीमेला लागून असलेल्या उंच पठारावर आहे. त्याचा बराचसा भाग १,८०० ते २,००० मीटर उंचीवर असून न्यांगानीचे शिखर २,५९२ मीटरवर आहे. पूर्वेकडे मोझांबिकचा सखल प्रदेश आणि त्यापलीकडे हिंदी महासागर आहे. आग्नेयेकडून येणारे समुद्री वारे बाष्प घेऊन या कड्यावर चढतात, चढताना थंड होतात, आणि मग पठारावर दाट धुके व भुरभुरता पाऊस उतरतो. स्थानिक लोक त्याला ‘गुती’ म्हणतात. पावसाळा नोव्हेंबर ते मार्च असा असला तरी गुती कोरड्या ऋतूतही येते. कधी दुपारी येऊन संध्याकाळी विरते, कधी दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. सकाळी दहाला समोर अख्खी डोंगररांग स्वच्छ दिसत असताना साडेअकराला रस्त्याच्या कडेचा खांबही दिसेनासा झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. म्हणून ज्या गोष्टींसाठी लांबवरचे दिसणे आवश्यक आहे, त्या सर्व सकाळीच उरकाव्यात, आणि ‘मंगळवारी पर्वत, बुधवारी धबधबा’ असे आधी ठरवून ठेवू नये. सकाळी पडदा बाजूला सारून आकाश पाहावे आणि त्या दिवसाचे काम त्यानंतर ठरवावे.

मे महिना निवडला हे फार चांगले झाले. पाऊस नुकताच संपलेला असतो, धबधब्यांना भरपूर पाणी असते, गवत अजून पूर्ण वाळलेले नसते आणि हवा स्वच्छ असते. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना मी सहसा एवढ्या खात्रीने होकार देत नाही, कारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वणव्यांच्या धुरामुळे दूरचे काही दिसत नाही आणि ओढे बारीक झालेले असतात. (ऑगस्टअखेरीपासून मुसासा या झाडांना तांबडी-तपकिरी कोवळी पालवी फुटते आणि डोंगरउतार रंगून जातात, केवळ त्यासाठी येणारे लोक आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पटते.) डिसेंबर-जानेवारीत पठार हिरवेगार असते, पण दुपारच्या विजांच्या वादळांमुळे उंचावर फिरणे धोक्याचे होते.

थंडीविषयी सांगायचे तर मे महिन्यात दिवसा अठरा-वीस अंशांपर्यंत तापमान असते, पहाटे ते सहा-सातपर्यंत उतरते, आणि निरभ्र रात्री त्याहून खाली जाते. जून-जुलैत दंव गोठून गवत पांढरे पडते. हा आकडा पुणेकरांना फार वाटणार नाही, परंतु धुके असेल तर दिवसभर कपडे दमट राहतात आणि वारा अंगात शिरतो. आईवडिलांसाठी जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे तीन पातळ लोकरी थर आणि वर पाणी व वारा अडवणारे जाकीट उपयोगी पडते. कानटोपी आणि लोकरी मोजे न विसरता घ्यावेत. उंचीमुळे श्वसनाचा त्रास व्हावा एवढे हे ठिकाण उंच नाही. तरी रक्तदाबाची किंवा दम्याची औषधे पूर्ण मुदतीची घेऊन जावीत, कारण न्यांगा हे छोटे गाव आहे आणि तेथे हवे ते औषध मिळेलच असे नाही.

राहण्यासाठी उद्यानाची स्वतःची बंगलेवजा निवासस्थाने ऱ्होड्स, मारे आणि उडू या तीन लहान धरणांच्या काठी आहेत. ती साधी असतात, स्वयंपाक आपला आपण करायचा असतो, आणि बैठकीच्या खोलीत शेकोटीची जागा असते. आरक्षण करताना सरपण, गरम पाणी आणि पांघरुणे यांची चौकशी नेमकी करावी, कारण संध्याकाळी पाचनंतर आईवडिलांचे सुख या तीन गोष्टींवर अवलंबून राहील. स्वयंपाक नको असेल तर उद्यानाबाहेर जुलियास्डेल आणि ट्राउटबेक परिसरात हॉटेले आहेत. तुमच्या कुटुंबाला मी धरणाकाठचे निवासस्थानच सुचवीन. शाकाहारी मंडळींना स्वतःच्या स्वयंपाकघराएवढी सोय दुसरी नाही, आणि या भागातले बटाटे, कोबी, पालेभाज्या उत्तम असतात. डाळ, तांदूळ, मसाले हरारेहून घेऊन निघावे. वाटेत रुसापे गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेला बायका भाज्या आणि फळे विकत बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्यावे. बाहेर जेवायचे झाल्यास मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, ज्याला तेथे ‘साड्झा’ म्हणतात, आणि त्यासोबत शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी मागावी. मराठी जिभेला ती लगेच रुचते.

आता न्यांगानी पर्वताविषयी, जेथे मला सर्वांत सावधपणे लिहायचे आहे.

चढण म्हणून पाहिले तर हा पर्वत अवघड नाही. पश्चिमेकडील पायथ्याच्या वाहनतळापर्यंत गाडी जाते, तेथून मळलेली वाट आहे, आणि नियमित चालणारा माणूस दोन तासांच्या आसपास शिखरावर पोहोचतो. दहा-बारा वर्षांवरील मुले सहज चढतात. मी ज्याची काळजी करतो, तो भाग चढ संपल्यावर सुरू होतो. माथा टोकदार नाही. तेथे गवताचे आणि दलदलीचे विस्तीर्ण, उंचसखल पठार आहे आणि प्रत्यक्ष शिखर म्हणजे त्यावरचा एक खडकाळ उंचवटा आहे. पठारावर वाट पुसट होते, सर्व बाजूंना एकसारखे दिसते, आणि पूर्वेकडची बाजू मोझांबिकच्या दिशेने एकदम तुटते. अशा जागी गुती आली की पंधरा पावलांपलीकडचा सोबती दिसत नाही. या पर्वतावर माणसे हरवली आहेत आणि त्यातील काहींचा मोठा शोध घेऊनही ठावठिकाणा लागलेला नाही, ही झिम्बाब्वेत सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे.

म्हणून माझे नियम पक्के आहेत. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयात नावे नोंदवावीत आणि परतल्यावर तसे कळवावे. स्थानिक वाटाड्या घ्यावा. कुटुंबासह जाताना ही गोष्ट ऐच्छिक समजू नये. सकाळी आठच्या आत चालायला सुरुवात करावी. शिखर दहा मिनिटांवर दिसत असले तरी पूर्वेकडून ढग पठारावर चढताना दिसले की तेथूनच मागे वळावे. मुलांच्या गळ्यात शिट्टी असावी आणि कोणीही एकट्याने मागे किंवा पुढे राहू नये. धुक्यात सापडलेच तर वाट शोधत फिरू नये. सर्वांनी एकत्र बसावे, गरम कपडे घालावेत आणि धुके विरळ होण्याची वाट पाहावी. पाण्याच्या आवाजाच्या रोखाने खाली उतरण्याचा मोह विशेष टाळावा, कारण येथे उगम पावणारे प्रवाह सगळेच वाहनतळाकडे जात नाहीत. पुंगवे नदी याच पर्वतावरून निघून दक्षिणेला व पुढे पूर्वेला मोझांबिकमध्ये जाते आणि बेइरा शहराजवळ समुद्राला मिळते, तर न्यांगोम्बे आणि गायरेझी यांचे पाणी शेवटी झांबेझीत जाते. चुकीच्या ओढ्याच्या काठाने उतरणारा माणूस पर्वताच्या भलत्याच अंगाला जातो.

स्थानिक लोक हा पर्वत पवित्र मानतात. तेथे मोठ्याने ओरडू नये, पर्वताविषयी वाकडे बोलू नये, कचरा टाकू नये, आणि विचित्र काही दिसले तर त्यावर शेरेबाजी करू नये, असे वाटाडे सांगतात. ते मनापासून पाळावे. आपल्याकडे देवराईत शिरताना जी मर्यादा आपण पाळतो, तीच येथे पाळायची आहे, हे मुलांना आधी समजावून सांगितले की ती आपोआप शांत होतात. आजी-आजोबांनी त्या दिवशी मारे धरणाच्या काठी थांबावे. वाहनतळावर सहा-सात तास थंड वाऱ्यात बसून राहणे त्यांना चढण्यापेक्षा अधिक त्रासाचे होईल.

सर्वांना एकत्र जाता येईल अशी दोन ठिकाणे म्हणजे पुंगवे खोरे वरून पाहण्याचा सज्जा आणि मुतराझी धबधबा. पुंगवे नदी पठाराच्या कडेवरून सुमारे २४० मीटर खाली खोल घळीत पडते. सज्जापर्यंत गाडी जाते आणि आईवडिलांना चार पावलेच चालावे लागते. मुतराझी उद्यानाच्या दक्षिण टोकाला आहे. त्याची उंची ७६२ मीटर मानली जाते आणि आफ्रिकेत उंचीने त्याचा क्रमांक दुसरा लागतो. पण व्हिक्टोरिया धबधब्याचा गडगडाट नुकताच ऐकून आलेल्या माणसाने येथे तशी अपेक्षा ठेवू नये. हा एक लहानसा ओढा आहे. झाडीतून तो शांतपणे कड्यापर्यंत येतो, आणि मग दगडाला फारसा न टेकता इतका खाली जातो की वाऱ्याने त्याची धार मध्येच बाजूला सरकते आणि तुषार होऊन पसरते. तेथे आता दरीवर झुलते पूल आणि तारेवरून घसरत जाण्याची सोय केलेली आहे. मोठ्या मुलाला त्याचे आकर्षण वाटेल, मात्र धुके असेल तर पैसे खर्चू नयेत. मुतराझीचा रस्ता खडबडीत आहे. जमिनीपासून उंच असलेली गाडी नसेल तर तेथील स्थितीची चौकशी करूनच निघावे.

मुतराझीच्या कड्यावरून खाली जे हिरवे चौकोन दिसतात, ते होंडे खोऱ्यातील चहाचे मळे आहेत. तेथे उतरणारा डांबरी रस्ता सुंदर आहे, आणि हजारभर मीटर खाली येताच हवा दमट व उष्ण होते, केळी आणि आंबे दिसू लागतात. एक गोष्ट लक्षात ठेवावी: उंच पठारावर हिवतापाचा धोका नगण्य असला तरी होंडे खोरे हिवतापाच्या पट्ट्यात येते. व्हिक्टोरिया फॉल्स आणि ह्वांगेसाठी डॉक्टर ज्या प्रतिबंधक गोळ्या देतील, त्या न्यांगात थंडी आहे म्हणून मध्येच बंद करू नयेत.

धुक्याच्या दिवसासाठी मी एक जागा नेहमी राखून ठेवतो. न्यांगाच्या डोंगरउतारांवर जुन्या शेतकरी समाजाने बांधलेल्या दगडी पायऱ्यांची शेते, तटबंदीच्या जागा आणि दगडांनी बांधून काढलेले खड्डे मोठ्या प्रदेशात पसरलेले आहेत. त्यांतील बहुतेक साधारण चौदाव्या ते एकोणिसाव्या शतकातील आहेत. वसाहतकाळात या खड्ड्यांना गुलाम कोंडण्याच्या जागा समजले गेले आणि ती समजूत अजूनही कानावर येते. नंतरच्या पुरातत्त्वीय अभ्यासातून हे लहान चणीच्या गुरांचे गोठे असल्याचे दिसून आले. उद्यानात पुन्हा उभारलेला असा एक गोठा मुलांना सावकाश दाखवावा. माणसाच्या उंचीहून खोल, गोल खड्डा; त्याच्या भिंतीत सांधा न भरता नुसते एकमेकांत बसवलेले दगड; आत जाण्यासाठी किंचित वळण असलेले बुटके भुयार, ज्यातून प्रौढ माणसाला वाकूनच जावे लागते. भुयाराच्या छतात एक फट आहे आणि ती वरच्या घराच्या जमिनीत उघडते. रात्री घरातला माणूस त्या फटीतून लाकडी दांडे खाली सोडून भुयार बंद करी, म्हणजे अंथरुणावरून न उठता गुरांवर पहारा राही. खड्ड्याच्या उताराकडील बाजूला मोरी आहे, तिच्यातून शेणाचे पाणी बाहेर परसातल्या पिकाला जाई. एवढे पाहिल्यावर या माणसांच्या हुशारीविषयी वेगळे काही सांगावे लागत नाही. आणखी वेळ असेल तर न्यांगा गावाच्या वायव्येला झिवा येथे याच संस्कृतीचे विस्तीर्ण अवशेष आणि छोटे संग्रहालय आहे.

या उद्यानाचा अलीकडचा इतिहास मुलांपासून लपवू नये असेही मला वाटते. ब्रिटिश वसाहतवादी सेसिल ऱ्होड्सने १८९० च्या दशकात येथील जमीन घेतली, आणि १९०२ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर ती सार्वजनिक न्यासाकडे गेली. त्याचे घर आज हॉटेल आहे आणि जुन्या तबेल्यात एक प्रदर्शन आहे. त्याच डोंगररांगेच्या उत्तरेकडील गायरेझी भागात तांगवेना लोक राहत. १९६९ मध्ये ऱ्होडेशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या झिम्बाब्वेच्या, गोऱ्या सरकारने त्यांची घरे पाडून त्यांना हुसकावले. त्यांचे प्रमुख रेकाई तांगवेना यांनी जमीन सोडण्यास नकार दिला आणि लोक डोंगरात लपून राहिले. १९७५ मध्ये पुढे झिम्बाब्वेचे राष्ट्राध्यक्ष झालेले रॉबर्ट मुगाबे आणि त्यांचे सहकारी एडगर टेकेरे यांना याच डोंगरांतून मोझांबिकमध्ये पोहोचवण्यात तांगवेना यांचा हात होता. गोऱ्या सरकारविरुद्धच्या मुक्तियुद्धाच्या त्या काळात सीमेवर पेरलेले भूसुरुंग पूर्व सीमेच्या काही भागांत अजूनही काढले जात आहेत. म्हणून सीमेच्या बाजूला वाट सोडून कोठेही भटकू नये.

गवताळ माळावरून फिरताना जागोजागी सुटी पाइनची झाडे उगवलेली दिसतील. ती पाहून थंड हवेच्या ठिकाणी शोभून दिसतात असे वाटते, पण ती बाहेरची आहेत. लागवडीतून बी उडून येते आणि माळ हळूहळू झाडीखाली जातो. वॉटल या बाभूळवर्गीय झाडाचेही तेच. याचा फटका निळ्या पाकोळीला बसतो. हा दुर्मीळ पक्षी उन्हाळ्यात, म्हणजे साधारण सप्टेंबर ते मार्चच्या दरम्यान, येथील मोकळ्या माळावर जमिनीतील बिळांच्या छतांना घरटी बांधतो आणि नंतर उत्तरेला जातो. मे महिन्यात तो तुम्हाला दिसणार नाही. पण प्रोटियाच्या फुलांवर सूर्यपक्षी आणि लांब शेपटीचे शुगरबर्ड पाहता येतील, त्यासाठी दुर्बीण जवळ ठेवावी.

प्रवासाच्या तपशिलांत दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मुंबईहून अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जात असाल तर सर्वांनी प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घेऊन पिवळे प्रमाणपत्र सोबत ठेवावे; परतताना भारतातही ते विचारले जाऊ शकते. आईवडिलांचे वय पाहता या लशीबाबत त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा. व्यवहारात अमेरिकी डॉलर चालतात. एक, पाच आणि दहाच्या स्वच्छ, न फाटलेल्या नोटा जवळ ठेवाव्यात, कारण सुटे परत मिळणे कठीण असते. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असते. हरारेहून रुसापेमार्गे न्यांगा सुमारे २७० किलोमीटर आहे, आणि थांबत-थांबत पाच तास सहज लागतात. अंधारात मुळीच गाडी चालवू नये: रस्त्यावर गुरे असतात, दिवे नसलेली वाहने असतात, आणि मे महिन्यात साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो.

हे सर्व धरून मी तुमची आखणी अशी करीन. हरारेहून सकाळी आठला निघून दुपारी मुक्कामी पोहोचावे आणि त्या संध्याकाळी फक्त धरणाकाठी फिरावे. पुढच्या तीन दिवसांपैकी सर्वांत स्वच्छ सकाळ न्यांगानीला द्यावी, दुसरी पुंगवे आणि मुतराझीला, आणि धुक्याची जी असेल ती दगडी गोठ्याला आणि शेकोटीला. तिन्ही दिवस धुके राहिले तर पर्वत सोडून द्यावा. होंडे खोऱ्यात उतरून चहाच्या मळ्यांतून फेरी मारून यावे. परतीचे विमान न्यांगाहून निघाल्याच्या दिवशी संध्याकाळचे घेऊ नये. एक रात्र हरारेत काढून दुसऱ्या दिवशीचे घ्यावे, म्हणजे घाटात धुके असले तरी गाडी हळू चालवता येईल.